ऋणाची मर्यादा आणि करणाचे परिवर्तन

ऋण फेडण्याचे वचन देणारा माणूस आणि वीस वर्षांनी त्याचा शेवटचा हप्ता भरणारा माणूस एकच असला, तरी मधल्या काळात वचनाच्या अटी बदलत गेल्या असतील, तर ते वचन कितपत त्याचे उरते, हा प्रश्न गृहकर्जाच्या व्यवहारातून उभा राहतो. वरवर तो हिशेबाचा वाटतो. परंतु ज्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण यांसाठी योजलेला शब्दच सावकाराच्या देण्यालाही लावला, तिच्या दृष्टीने तो धर्माचा प्रश्न ठरतो.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ‘करण’ म्हणजे ऋणपत्र बदलून घेण्याची तरतूद आहे. ठरल्या वेळी ऋण फेडणे अशक्य झालेल्याने चढलेले व्याज चुकते करून नवे करण लिहून द्यावे, आणि व्याजही देता येत नसल्यास ते नव्या करणात सामील करावे, असे तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात एकरकमी घेतल्या जाणाऱ्या व्याजासह एकूण देण्याने मुद्दलाची दुप्पट ओलांडू नये, म्हणजे व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, असाही दंडक आहे. हाच पुढे ‘दामदुपट’ या नावाने ओळखला गेला आणि मुंबई इलाख्यातील ब्रिटिश न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मानला. मात्र ही मर्यादा साचलेल्या व्याजाची होती, वेळोवेळी चुकवलेल्या व्याजाची नव्हे. म्हणूनच 9 टक्के दराच्या 20 वर्षांच्या गृहकर्जावर एकूण व्याज मुद्दलाच्या वर जात असले, तरी त्याने दामदुपटीचा भंग होतो असे म्हणता येत नाही. शास्त्रकारांना धास्ती होती ती न फिटता वाढत राहणाऱ्या ऋणाची.

आजची मर्यादा प्रामुख्याने प्रवेशद्वारावर उभी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, त्यापुढे 75 लाखांपर्यंतचे 80 टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठे 75 टक्क्यांपर्यंतच देता येते. तारणाचे हे माप झाल्यावर उत्पन्नाचे माप लागते. दरमहा 40,000 रुपयांचा हप्ता पेलणाऱ्याला 20 वर्षांच्या मुदतीत 7 टक्के दराने सुमारे 51.5 लाख रुपये मिळू शकतात, तर 9 टक्के दराने सुमारे 44.5 लाख, माणूस तोच, पगार तोच, आणि तरीही त्याचे ‘सामर्थ्य’ सात लाखांनी घटते. सामर्थ्य हा येथे व्यक्तीचा गुण राहत नाही, तो दराचा परिणाम होतो.

खरी अडचण कर्ज घेतल्यानंतर येते. बदलत्या दराच्या कर्जात दर 7 वरून 9 टक्क्यांवर गेला आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्जाच्या आरंभीच हा बदल झाल्यास 20 वर्षांची मुदत सुमारे 38 वर्षांची होते. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या अवघ्या काही महिन्यांत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना अल्पमुदतीचे कर्ज ज्या दराने देते तो दर, 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला, हे लक्षात घेतले तर हे उदाहरण अतिरंजित वाटणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 मधील परिपत्रकाने दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, ही निवड ऋणकोच्या हाती दिली, आणि हप्त्यातून व्याजही न भागता मुद्दल वाढत जाईल अशी मुदतवाढ निषिद्ध ठरवली. साचत्या व्याजाविषयीची जुनी धास्तीच येथे नव्या शब्दांत प्रकटली आहे. व्यक्तींच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावरील मुदतपूर्व फेडीचे शुल्क 2012 मध्येच रद्द झाल्याने कमी दराच्या बँकेकडे कर्ज नेणे, म्हणजे आजच्या अर्थाने करण बदलणे, सुकर झाले. पण नवी बँक उत्पन्न आणि वय पुन्हा मोजते. ज्याची मिळकत घटली आहे, त्यालाच ही वाट बंद होते, आणि मनूने करणाच्या परिवर्तनाची सोय नेमकी अशाच असमर्थासाठी ठेवली होती. नियमांतील ही उणीव गंभीर आहे.

लांबलेले ऋण पुढच्या पिढीचाही प्रश्न बनते. पित्याचे ऋण पुत्राने केवळ धर्मकर्तव्य म्हणून फेडावे, हे बंधन हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने त्यानंतरच्या ऋणांपुरते संपवले. तथापि 38 वर्षांवर गेलेली मुदत निवृत्तीच्या आणि अनेकदा आयुष्याच्याही पलीकडे पोहोचते, आणि घर गहाणच असल्याने ते राखू इच्छिणाऱ्या मुलामुलींना उरलेले हप्ते भरावेच लागतात.