शालूची उलटी बाजू



काशी म्हटली की आपल्या मंडळीतील जुन्या पिढीला नीलकंठशास्त्री गोरे आठवत. काशीत वाढलेले हे मराठी पंडित १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. सत्याचा शोध त्यांना तेथवर घेऊन आला. आज आपल्यापैकी अनेकांचा त्या नगरीशी संबंध उरला आहे तो शालूपुरता. शालूच्या खरेदीतही सत्याचा प्रश्न असतो, हे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही.

नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायातील चौदाव्या वचनात एक गिऱ्हाईक भेटते. माल पाहताना ते त्याला नावे ठेवते आणि तो घेऊन निघाले की आपल्या सौद्याची फुशारकी मारते. मूळ इब्री वचनात ‘वाईट’ हा शब्द लागोपाठ दोनदा येतो, आणि फुशारकीचे क्रियापद ‘हालेलूया’तील स्तुतीच्याच धातूपासून आले आहे. हा धागा मराठी भाषांतरात आणता येत नाही, याची मला नेहमी रुखरुख वाटते. देवाला वाहावयाची स्तुती माणूस आपल्या हुशारीला वाहतो!

हेच गिऱ्हाईक वाराणसीच्या चौकाजवळील कुंजगलीत गादीवर बसलेले दिसते. ‘अस्सल हातमागाचीच हवी’ असे ते बजावते, आणि भाव मात्र यंत्रमागाचा सांगते. आता दुकानदाराने गिऱ्हाईक गमवावे, किंवा यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून द्यावी. खोटे बोलतो तो दुकानदार. पण ते मागवले कोणी? फसवणुकीची तक्रार करण्याआधी आपण याचे उत्तर द्यावयास हवे.

हातमागावर कढुआ पद्धतीने विणताना प्रत्येक बुट्टी स्वतंत्र भरली जाते. भरगच्च शालूला त्यामुळे काही महिनेही लागतात. फेकुआ पद्धतीत नक्षीचा जादा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो व पाठीमागचे मोकळे धागे नंतर कातरतात. म्हणून ती साडी लवकर होते व स्वस्त पडते. मदनपुरा, अलईपुरा येथील विणकर बहुतेक अन्सारी मुसलमान. पुष्कळदा ते गिरस्ताकडून रेशीम व नक्षी घेऊन साडीमागे ठरलेल्या मजुरीवर विणतात. दुकानात पाडलेला भाव अखेर कोणाच्या ताटापर्यंत पोहोचतो, हे यावरून कळावे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवलेल्या मजुरीची जी हाक देवाच्या कानी जाते, ती शेतातील मजुरांची आहे. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्याची हाक तिच्याहून निराळी कशी असेल?

मग बेताच्या मिळकतीच्या माणसाने बनारसी साडी घेऊच नये काय? तसे मुळीच नाही. यंत्रमाग चालवणाऱ्यालाही पोट आहे, आणि वाराणसीतील कित्येक विणकर कुटुंबांनीच यंत्रमाग घेतले आहेत. यंत्रमागाची साडी यंत्रमागाची म्हणून, तिच्या भावात घेणे हा स्वच्छ व्यवहार होय.

म्हणून घरूनच ठरवून निघावे: खर्च किती करावयाचा, साडी एका दिवसासाठी की पुढच्या वीस वर्षांसाठी. दहा दुकानांत शंभर साड्या उलगडायला लावून रिकाम्या हाताने उठणे, यालाही मी निष्पाप करमणूक म्हणणार नाही. घड्या घालणाऱ्या मुलाचा दिवस त्यात जातो. साडी उलटून पाहावी. कढुआत बुट्ट्यांच्या मधे कातरलेले धागे नसतात, आणि विणताना काठ ताणून धरणाऱ्या टाचण्यांची बारीक छिद्रे हातमागाच्या साडीच्या काठाशी आढळतात. बनारसी साडीला २००९ साली भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली आहे. त्याआधी ‘सिल्क मार्क’ (२००४) आणि ‘हॅण्डलूम मार्क’ (२००६) ही चिन्हे आली. ती मागून घ्यावीत. पदराचा एखादा सुटा धागा जाळल्यास रेशमाला जळक्या केसांचा वास येतो व राख चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याची गुठळी होते.

आणि त्या उलट्या बाजूला विणीतील एखादे किरकोळ वैगुण्य दिसले, तर भाव पाडण्यासाठी ते पुढे करण्याआधी क्षणभर थांबावे. हाताच्या कामात असे वैगुण्य राहणारच, आणि त्यापायी होणारी कपात पुष्कळदा विणकराच्याच मजुरीतून होते.