घड्याळ कुणाच्या बाजूचं?

मागच्या महिन्यात आमच्या शाळेच्या जुन्या धावपटूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण झालं. पीटीचे सर निवृत्त होतायत, सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र, हॉलचं भाडं, जेवणात मटण की साधं, इथवर सगळं सुरळीत होतं. मग कुणीतरी विचारलं, "पलीकडच्या शाळेतल्यांना बोलवायचं का?" त्या रात्री कुणी लवकर झोपलं नाही.

पलीकडची म्हणजे ओढ्यापलीकडची. छोट्या गावात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. तालुका स्पर्धेत रिलेचा बॅटन हातातून पडला की वर्षभर बाजारात तोंड लपवून फिरावं लागायचं.

त्या शाळेत पीटीचे शिक्षकच नव्हते. मी दहावीत असताना तिथला एक मुलगा पहाटे साडेपाचला आमच्या ग्राउंडवर यायला लागला. अनवाणी. सरांनी त्याला हाकललं नाही. आमचा टाइम घ्यायचे तसाच त्याचाही घ्यायला लागले. शेवटच्या राउंडला तू खांदे आवळतोस, हात मोकळे सोड, असं त्याला सांगताना मी स्वतः ऐकलंय. दोन महिन्यांनी तालुक्याला, फक्की मारलेल्या ट्रॅकवर, १५०० मीटरच्या शेवटच्या पन्नास मीटरमध्ये तो माझ्या पुढे गेला. हात मोकळे सोडून. मी आठ दिवस सरांशी बोललो नाही.

ग्रुपवर एकाने लिहिलं, "पगार आपल्या शाळेचा, मेहनत त्यांच्यावर." हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पंचाने निःपक्षपाती असावं हे ठीक, पण प्रशिक्षकाकडून आपल्याला पक्षपातच हवा असतो. आपल्या बाजूने असणारा एक मोठा माणूस, एवढंच तर पंधराव्या वर्षी मागणं असतं. शिवाय सरांकडे घड्याळ एक आणि सकाळ एक. त्याला दिलेली दहा मिनिटं कुणाच्या तरी वाट्यातून गेलीच होती.

या हिशेबाने पाहिलं तर द्रोणाचार्य अगदी इमानी प्रशिक्षक ठरतात. अर्जुनाला शब्द दिला होता, तो पाळण्यासाठी दुसऱ्याचा अंगठा मागितला. आणि आपल्या देशात प्रशिक्षकांना १९८५ पासून जो राष्ट्रीय पुरस्कार मिळतो, तो त्यांच्याच नावाचा. याचं मला नेहमी नवल वाटतं, पण तो वेगळा विषय.

मला आठवतं ते केनियातलं इटेन. समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवरचं छोटं गाव. १९७६ साली कॉम ओ'कॉनेल नावाचे आयरिश ब्रदर तिथल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत भूगोल शिकवायला आले. ॲथलेटिक्सचं कसलंही प्रशिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. थोड्या काळासाठी आलेला हा माणूस तिथलाच झाला. त्यांच्या हाताखालचा पीटर रोनो १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचं सुवर्ण जिंकला. त्याच शाळेतला विल्सन किपकेटर पुढे डेन्मार्कला गेला, डेन्मार्ककडून धावला आणि १९९७ मध्ये त्याने ८०० मीटरचा विश्वविक्रम केला: १ मिनिट ४१.११ सेकंद. तो तेरा वर्षं टिकला. मग २०१० मध्ये बर्लिनला डेव्हिड रुडिशाने १:४१.०९ वेळ नोंदवली. सेकंदाच्या दोन शतांशांनी विक्रम गेला. रुडिशा शिकला इटेनमधल्याच किमुरोन या दुसऱ्या शाळेत, पण त्याचे प्रशिक्षक तेच, ब्रदर कॉम. दोन वर्षांनी लंडन ऑलिंपिकमध्ये तो १:४०.९१ धावला.

म्हणजे एका शिष्याचा विक्रम दुसऱ्या शिष्याने मोडला. पहिला दुसऱ्या देशाचा झालेला, दुसरा मुळात दुसऱ्या शाळेचा. या दोघांतला 'आपला' कोण, हा प्रश्न ब्रदर कॉम यांना विचारायची माझी तरी छाती होणार नाही.

आता यावर सोपं उत्तर तयार असतं: प्रतिस्पर्धी चांगला असला की आपणही चांगले होतो. खरंच आहे, माझी आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ त्या हरलेल्या शर्यतीतलीच आहे. पण या उत्तराचं मला समाधान नाही. यात तो मुलगा माझ्या प्रगतीचं साधन होऊन बसतो, जणू सरांनी त्याला माझ्यासाठीच तयार केलं. सरांनी त्याला शिकवलं कारण तो पहाटे आला होता आणि त्याला शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं. माझा त्यात काही संबंध नव्हता. हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि कळल्यावरही थोडं लागलंच. माझा संबंध नसणं हेच तर दुखणं होतं.

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलंय. नेहमीचा साचा ठरलेला: आपण शाळेला इतकी पदकं मिळवून दिलीत, आपल्या कारकिर्दीत शाळेचं नाव उज्ज्वल झालं. पदकांची यादी क्लार्ककाकांकडून मिळाली. तिच्यात तो मुलगा नाही, कारण त्याची पदकं ओढ्यापलीकडच्या कपाटात आहेत. शेवटच्या नंबरावर धावणारी पोरंही नाहीत, आणि सरांच्या सकाळी जास्त करून गेल्या त्यांच्यावरच. यादी बाजूला ठेवली तर मानपत्रात लिहायला काय उरतं, यावर दोन रात्री अडलो.

मग ग्रुपला न विचारता त्याचा नंबर मिळवला आणि फोन लावला. तो आता पोलिसात आहे. भरतीत सोळाशे मीटरला पैकीच्या पैकी मार्क मिळाले, म्हणाला. सत्काराचं सांगितलं, तारीख सांगितली. बराच वेळ तो काही बोलला नाही.

"ड्युटी बदलून घेतो," म्हणाला. "पण तुमच्या शाळेतल्यांना चालेल ना मी आलेलं?"

चालेल म्हणालो. ग्रुपवर अजून सांगितलेलं नाही.

"आणि सरांचं ते घड्याळ आहे का रे अजून? काळ्या दोरीचं?"

आहे, म्हटलं. गळ्यातच असतं.