नांगर टाकलेली नाव



कामाने दमलेल्या शिष्यांना प्रभू येशूने एकदा थोडा वेळ बाजूला चलायला सांगितले. संत मार्कच्या सहाव्या अध्यायात हा प्रसंग आहे. जेवायलाही सवड नव्हती, म्हणून ती मंडळी नावेत बसून निर्जन जागी निघाली. मित्रांची सहलच म्हणा ना! सुट्टी म्हणजे आळस असे मानणाऱ्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा.

आपल्या काही युवकांच्या मनात पावसाळा संपल्यावर बाणकोट, वेळासच्या बाजूला शिडाच्या होडीने जाऊन दोन रात्री खाडीत मुक्काम करायचा आहे. जरूर जावे. सवच्या गरम झऱ्यांजवळून वाहणारी आपली सावित्री तिथेच समुद्राला मिळते. एके काळी भरतीच्या पाण्यावर मालाची गलबते महाडपर्यंत चढत. रस्ते झाले आणि आपण ते विसरलो.

शिडाच्या होडीला पहाटे मतलई वारा समुद्राकडे नेतो, दुपारी खारा वारा परत आणतो. अंधार पडण्याआधी आडोशाची जागा गाठून नांगर टाकायचा. शेतकऱ्याचा नांगर आणि दर्यावर्दीचा नांगर, शब्द एकच. दोन्ही जमिनीत रुततात. होडी नुसत्या नांगराच्या वजनाने थांबत नाही. दोर पाण्याच्या खोलीच्या पाच-सात पट सोडावा लागतो, तेव्हा ओढ आडवी बसते आणि नांगर चिखलात धरतो. दोर आखूड ठेवला तर होडीच नांगराला वर उचलते आणि रात्रीतून वाहत जाते. नीट नांगरलेली होडीसुद्धा भरती-ओहोटीबरोबर तोंड फिरवत राहते. म्हणून किनाऱ्यावरचा एखादा दिवा नजरेत धरून कोणीतरी जागे बसते. बाकीचे झोपतात ते त्याच्या भरवशावर.

वादळात येशू नावेत उशीवर डोके ठेवून झोपला होता. आपण त्या प्रसंगातला चमत्कार तेवढा सांगतो. मला वाटते, आधी त्या झोपेकडे पाहावे. पित्यावर त्याचा विश्वास होताच. पण नाव कोळी मित्रांच्या हाती सोपवूनही तो झोपला होता. पुढे गेथशेमनी बागेत त्याने त्यांच्याकडे तासभर जागरण तेवढे मागितले, आणि ते झोपी गेले.

मैत्रीविषयी लिहिताना ॲरिस्टॉटलने एका म्हणीचा आधार घेतला आहे: एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. सेमिनरीत हे वाचताना मला आपली मराठी आठवली. आपण तर खाल्ल्या मिठाला जागतो!

2021 साली सहलीचा हाच उतारा 18 जुलैच्या रविवारी होता. कोरोनामुळे चर्च भाविकांसाठी बंद होते. 22 जुलैला महाड पाण्याखाली गेले, तळिये गावावर दरड कोसळली. त्याआधी 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल कोसळून दोन एसटी गाड्या वाहून गेल्या होत्या. तेव्हापासून पावसाचा जोर वाढला की आपल्यातली कितीतरी माणसे रात्रभर पायरीवरचे पाणी बघत बसतात. मुलगा मुंबईला, सून एमआयडीसीत रात्रपाळीला, घरात एकटी आजी. तिला 'देवावर भरवसा ठेवा' असे सांगून आपण सगळे घरी जाऊन झोपलो, तर त्या शब्दांना काय अर्थ?

मार्कमधली सहल तशी फसलीच. लोक पायी धावत आधीच तिथे पोहोचले होते. येशूला राग आला नाही, कळवळा आला. मात्र लोकांना निरोप दिल्यावर तो एकटा डोंगरावर प्रार्थनेला गेलाच. एकांत त्याने सोडून दिला नाही, पुढे ढकलला.

युवकांनो, खाडीत रात्री जागण्याच्या पाळ्या लावा, लाइफ जॅकेट अंगावर ठेवा आणि बाटली घरीच ठेवा. पण दिवाळीपर्यंत थांबायचे कारण नाही. पाळ्यांचा सराव याच पावसात होईल. मुसळधार पावसाच्या रात्री नदीकाठच्या प्रत्येक वाडीत दोघांनी जागे राहायचे, तासातासाने पाणी पाहायचे आणि गरज पडली तर दारे वाजवायची. मिस्सानंतर सॅक्रिस्टीत दोन वह्या ठेवल्या आहेत. एकीत जागणाऱ्यांनी नाव आणि फोन नंबर लिहावा. दुसरीत, ज्यांना झोप हवी आहे त्यांनी. दुसऱ्या वहीत नाव लिहायला कोणी संकोच करू नये.