मेलेल्या सशाचा धनी

गावाजवळून मोठा रस्ता गेला की गावाच्या बोलण्यात नवे प्रश्न येतात. गाडीखाली शेळी गेली तर तिचा धनी शोधावा लागत नाही. तो आपण होऊनच धावत येतो आणि मेलेली शेळी हमखास गाभण आणि दोन शेर दूध देणारी निघते. पण गाडीखाली ससा गेला तर? तित्तर गेलं, रानडुक्कर गेलं, आमच्या सोलापूरकडच्या माळावरचं काळवीट गेलं तर? त्याचा धनी कोण?

गावाचं उत्तर सरळ आहे. ज्याला घावलं त्याचं. आमच्या आजोबांच्या वेळी शिकारीचे वाटे ठरलेले असत. काठी मारणाऱ्याचा वाटा वेगळा, हाका करणाऱ्यांचा वेगळा, आणि ज्याच्या कुत्र्यानं ससा उठवला त्या कुत्र्याचाही वाटा त्याच्या मालकाच्या हातात पडायचा. वाट्यावरून भांडणं व्हायची, पण ससा मुळात कुणाचा, हे कुणी विचारत नव्हतं. रानात जे आहे ते रानाचं, आणि हातात आलं की आपलं.

कायद्याचं उत्तरही सरळ आहे, फक्त उलटं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्याचं ३९वं कलम सांगतं की शिकार केलेलाच नव्हे, तर मेलेला सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता. तो तुमच्या ताब्यात आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं आणि त्यांच्या हवाली करायचा. लेखी परवानगीशिवाय जवळ ठेवायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, नष्टही करायचा नाही. मग तुम्ही तो कालवणासाठी उचला, नाहीतर गळाला आमिष म्हणून. मेलेल्या धामणीचा तुकडा दोरीला बांधून ओढ्यात खेकडे धरणाऱ्या पोरांना हे सांगितलं तर ती हसतील. पण कायद्यापुढं ताटातला तुकडा आणि दोरीचा तुकडा सारखाच.

आमच्या एका चुलतभावाला मी हे कलम समजावून सांगत होतो. त्यानं तंबाखू मळता मळता विचारलं, "सरकार काय कालवण करनार हाय का त्या सशाचं?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सरकार कालवण करत नाही. पंचनामा करतं आणि पुरतं, नाहीतर जाळतं. ज्या घरात पंधरा दिवसांतून एकदा मटण शिजतं, त्या घरच्या माणसाला दोन किलोचं ताजं मांस जमिनीत पुरणं म्हणजे अन्नाचा अपमान वाटतो. मारणारा तो नाही. मारणारी गाडी केव्हाच पुण्याला पोचली. मग जीव गेलाच आहे, तर तो कुणाच्या पोटी लागला तर पाप कसलं?

यावर कायद्याचं म्हणणं मला पटतं. मेलेला ससा बोलत नाही. चाकाखाली मेला की फाशात, हे सोललेल्या मांसावरून कळत नाही. सापडलेलं आपलं, असा नियम झाला तर दुसऱ्या दिवसापासून सगळ्या शिकाऱ्यांना सगळं रस्त्यावरच सापडायला लागेल. मोराच्या पिसांचंच बघा. मोर मारायला बंदी, पण त्याची पिसं जवळ बाळगायला कायद्यानं सूट दिली, कारण मोर ती दरवर्षी आपण होऊन गाळतो. त्या सुटीतून पिसं गळलेली की उपटलेली हा वाद निघाला आणि पिसाच्या बुडाशी रक्त आहे का, हे प्रयोगशाळेत तपासायची वेळ आली. एक सूट दिली की तिच्या आडोशाला किती जण उभे राहतात, हे त्यावरून कळतं. दुसरं कारण तब्येतीचं. रस्त्यावर पडलेलं जनावर धडकेनंच मेलं की आधीच रोगानं लडखडत होतं, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. काळपुळीनं मेलेलं जनावर उघडूसुद्धा नये, असं ढोरांचे डॉक्टर सांगतात ते उगाच नाही.

म्हणजे कायदा शहाणा आहे. तरीही माझं मन त्याच्यावर पूर्ण बसत नाही, आणि त्याचं कारण त्याच कायद्याच्या ५७व्या कलमात आहे. वन्यप्राणी किंवा त्याचं मांस तुमच्या ताब्यात सापडलं आणि खटला झाला, तर ताबा बेकायदाच आहे असं धरून चालायचं. तसं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. कागदावर हे सगळ्यांना सारखं आहे. रस्त्यावर मात्र सारखं राहत नाही.

मी शिक्षक होतो तेव्हाची गोष्ट. एका सकाळी मोटरसायकलवरून तालुक्याला जाताना डांबरावर ससा पडलेला दिसला. मागचा भाग चाकाखाली गेलेला, रक्त अजून ओलं. तासाभरात परतलो तर फाट्यावर गर्दी. पारध्याचा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा मधे उभा, त्याच्या पिशवीत तोच ससा. खाकीतला एक जण त्याला विचारत होता, "फासं कुठं लपिवलंस?" पोरगा एकच वाक्य घोळत होता, "साहेब, रस्त्यावं पडला व्हता."

मी गाडी लावली आणि सांगितलं, हा ससा मी जाताना रस्त्यावर पाहिलाय. अंगावर चाकाचा वण आहे, बघा.

"गुरुजी म्हणत्यात म्हंजे असंल," खाकीतला म्हणाला. ससा ठेवून घेतला, पोराला सोडलं.

पोरगा अर्धा तास जे सांगत होता तेच मी सांगितलं. माझ्या वाक्यात एक शब्द जास्त नव्हता. फरक होता तो कुणाच्या तोंडातून निघालं याचा. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढं पारध्यांसारख्या कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्या. सोलापुरात त्यांना कुंपणाआड डांबायला सेटलमेंट होती. त्या भागाचं ते नाव अजून पुसलेलं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या. पण त्या पोराच्या पिशवीकडं बघणाऱ्या डोळ्यांना ती तारीख कुणी सांगितली नव्हती. सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर होतं, आणि त्याचा शब्द हा पुरावा धरला जात नव्हता. मग त्यानं सिद्ध करायचं तरी कशानं?

मेलेल्या जनावराचा प्रश्न आपल्याकडं कधीच नुसता पोटाचा नव्हता. गाडीखाली आलेल्या शेळीचा जीव जायच्या आत सुरी फिरली तर सारं गाव ते मटण खातं. जीव गेल्यावर फिरली तर तोंड फिरवतं. मारलेलं चालतं, मेलेलं चालत नाही. आणि हेच मेलेलं ओढायचं काम गावानं पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या गळ्यात घातलं, त्यांनाच ते खातात म्हणून शिवायचं नाही, असंही ठरवलं. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा म्हणून सांगितलं, ते आरोग्याच्या पाठातलं वाक्य नव्हतं, ती माणूसपणाची मागणी होती. म्हणून 'वाया जाण्यापेक्षा गरिबाला तरी द्या' असं कुणी रस्त्यावरच्या मांसाबद्दल म्हटलं की मी सावध होतो. आपण ज्याला तोंड लावणार नाही ते दुसऱ्याला देणं, याला दान म्हणत नाहीत.

अमेरिकेत ओरेगॉन राज्यानं २०१९ पासून निराळी वाट काढली. गाडीला धडकून मेलेलं हरीण खायला नेता येतं. २४ तासांत ऑनलाइन परवाना काढायचा आणि शिंगांसह डोकं खात्यात जमा करायचं. म्हणजे पोटाला हवं ते माणसाला, आणि ज्याच्या हव्यासानं शिकार होते ते सरकारला. हिशोब चोख आहे. पण तो एका गोष्टीवर उभा आहे. कळवणाऱ्याचा शब्द आधी खरा धरायचा. आपल्याकडं ती पायरी बांधल्याशिवाय वरचा मजला चढवू नये, असं मला वाटतं.

राहिला प्रश्न वाया जाण्याचा. काठीनं ढकलून कडेला केलेला ससा वाया जात नाही. कोल्हा येतो, मुंगूस येतं, कावळे, मुंग्या येतात. रस्त्याच्या मधोमध राहिला तर मात्र त्याला खायला आलेला कोल्हाही चाकाखाली जातो. पूर्वी मेलेल्या ढोरावर गिधाडं उतरायची. ढोरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकनं ती मेली. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं, पण आमच्या आभाळात गिधाडं काही परतली नाहीत. मेलेल्यावर पहिला हक्क असलेले पाहुणे आपण आधीच कमी केलेत. उरलेल्यांच्या पंगतीत आपण ताट घेऊन बसायची गरज नाही.

मोठं जनावर पडलं तर मी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करतो आणि माझं ऐकलं जातं. ससा सरकारचा, हे मला मान्य आहे. पण धनीपणाला काही रीतभात असते. आपला बैल सुटून कुणाच्या रानात गेल्याची खबर घेऊन आलेल्या माणसाला आपण आधी पाणी विचारतो. त्याचं आडनाव विचारून त्यालाच चोर ठरवणारा धनी गावात टिकत नाही. पुढच्या खेपेला त्याला खबर द्यायला कुणी जात नाही.