मैरेय आणि माला

पर्वकाळी केलेल्या पुण्यकर्माने मद्याचा दोष झाकतो काय? श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील क्रम विचारणीय आहे. प्रभासतीर्थी यादवांनी स्नान केले, दाने दिली आणि मग मैरेय प्राशन केले. साक्षात श्रीकृष्णचक्रवर्ती सन्निध असता आप्तांनी आप्तांवर एरकातृण उपसले! ब्रह्मशाप खरा, परंतु त्यास वाट मद्याने करून दिली.

त्याच प्रभूंना मथुरेत सुदामा माळ्याने पुष्पमाला अर्पिल्या. वर मागताना त्याने अचल भक्ती, भक्तांचे सख्य आणि भूतदया एवढेच मागितले.

मात्र फुले विलासासही लागतात, आणि काव्यातील फुलोराही चित्त गुंतवितो. भास्करभट्ट बोरीकरांचा ‘शिशुपाळवध’ शृंगारामुळे निवृत्तांस योग्य नव्हे असे ठरले, तेव्हा त्यांनी ‘उद्धवगीता’ रचली, अशी परंपरा आहे. तीही एकादश स्कंधावरच.