उसने वजन

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी एक नवाच विधी झाला. अभ्यंगस्नान आटोपले, कारीट फुटले, अंगणात एक-दोन फटाके वाजले. आणि फराळाच्या पाटावर येऊन बसण्याऐवजी ओंकार, माझ्या मुलीचा मुलगा, न्हाणीघराच्या दाराशी ठेवलेल्या वजनकाट्यावर जाऊन उभा राहिला. आकडा उमटला : ब्याऐंशी.

"अजून तीन," तो म्हणाला आणि पाटावर येऊन बेसनाच्या लाडवांकडे सावकाराने खातेवहीकडे पाहावे तसा पाहू लागला.

वजन वाढेल या भीतीने दिवाळीच्या फराळाला हात न लावणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. वजन पुरेसे वाढत नाही म्हणून खिन्न मनाने लाडू खाणारा माणूस मी त्या दिवशी प्रथमच पाहिला.

ओंकार शिकण्यासाठी नाशकात आमच्याकडेच असतो. कॉलेजच्या फुटबॉल संघात तो बचावफळीत खेळतो. आदल्या मोसमात समोरच्या धिप्पाड पोरांच्या खांद्याचा धक्का लागला, की तो कोलमडे. जूनमध्ये प्रशिक्षकांनी त्याला सांगितले, डिसेंबरच्या स्पर्धेपर्यंत पंच्याऐंशी किलो हो. तेव्हा तो एकाहत्तर किलोचा होता. मग अंडी आली, शेंगदाणे आले, दुधाचा रतीब दुप्पट झाला, कसलीशी भुकटी डब्यातून आली. संध्याकाळी व्यायामशाळेत लोखंडी वजने खांद्यावर घेऊन बैठका सुरू झाल्या. पाच महिन्यांत पोरगा अकरा किलोंनी वाढला. दिवाळीला आलेल्या त्याच्या आईने दारातच त्याला पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. "भरला ग बाई!" ती म्हणाली. आपल्याकडे लेकराच्या वजनाला आई नेहमीच कृतार्थतेने पाहते. ते वजन कशाचे आहे, हे विचारण्याची तिला गरज वाटत नाही.

मलाही वाटली नसती. परंतु भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे अंजनेरीला गेलो. नाशकाहून त्र्यंबकेश्वराकडे जाताना डाव्या हाताला दिसणारा हा डोंगर. हनुमंताचा जन्म इथलाच, अशी आमच्या भागातली श्रद्धा. वर अंजनीमातेचे देऊळ आहे. दोन वर्षांपूर्वी हाच पोरगा माझ्यापुढे शेळीच्या करडासारखा उड्या मारीत त्या पायऱ्या चढला होता आणि वर पोचून मला हाका मारीत होता. या खेपेस अर्ध्या वाटेवर मागून आवाज आला, "आजोबा, जरा थांबा ना."

सत्तरीचा मी थांबलो. एकोणीस वर्षांचा तो एका दगडावर बसला. घामाने निथळत होता. गुडघा चोळीत होता. थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता त्याने विचारले, "आजोबा, मी जड झालो, की ताकदवान झालो?"

या प्रश्नाचे उत्तर त्या पायरीवर मला देता आले नाही. वर्षभर तो माझ्याबरोबर राहिला आहे, म्हणून हा लेख.

शरीरशास्त्राच्या अंगाने उत्तर सोपे आहे. स्नायूवर ताण पडला, त्यानंतर त्याला अन्न आणि विसावा मिळाला, की तो हळूहळू वाढतो. हळूहळू हा त्यातला महत्त्वाचा शब्द. जाणकार आठवड्याला पाव ते अर्धा किलोच्या वाढीवर समाधान मानायला सांगतात. त्याहून घाई केली, तर वाढणाऱ्या वजनात चरबीचा आणि पाण्याचा वाटा मोठा होतो. काट्याला मात्र स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. तो दोहोंना सारखाच मान देतो. काट्याच्या आकड्यालाच ध्येय केले, की आपलीही दृष्टी काट्याचीच होते.

परंतु ओंकारच्या प्रश्नात दुसराही एक प्रश्न होता : हे वजन कोणासाठी?

माझे बालपण जुन्या नाशकात गेले. आमच्या गल्लीच्या टोकाला एक तालीम होती. ताक, तेल आणि हळद घालून मळलेली तांबडी माती, भिंतीशी टेकवलेले मुद्गल, कोनाड्यात शेंदराने माखलेला मारुती. माझ्या काडीसारख्या देहाला तिथे फारसे भवितव्य नव्हते. पण वस्तादांचे बोलणे ऐकायला मी जाऊन बसत असे. एकदा एका पहिलवानाने लग्नानंतर कुस्ती सोडली. निरोप घ्यायला तो नारळ घेऊन आला, तेव्हा वस्तादांनी त्याला जवळ बसवून सांगितलेले अजून आठवते. ते म्हणाले, "जोर उद्या सोडशील, तर तूप आजच सोड. बदाम बंद. एक भाकरी कमी. रोज गोदाघाटापर्यंत चालत जायचं. आणि सहा महिने दर शनिवारी मला तोंड दाखवायचं." तो गडी खरोखरच शनिवारी येऊन बसे. वस्ताद त्याच्या दंडाला आणि पोटाला हात लावून पाहत, मान हलवीत. पुढे तो भाजीचा व्यापारी झाला आणि म्हातारपणापर्यंत सडसडीत राहिला.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. आमच्या वस्तादांनी राखून ठेवलेला डाव हाच असावा. त्यांनी शिष्याला जसे चढवले, तसेच उतरवलेही.

आजच्या मैदानावर चढवणारे पुष्कळ आहेत. ही गोष्ट आपल्यापुरती नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलहून निराळा. त्यात चेंडू हातात घेऊन धावतात आणि एकमेकांना अंगाने अडवतात. एकेकाळी तिथल्या प्रशिक्षकांना वाटे, की वजने उचलणारा खेळाडू मंद होतो. १९६९ साली नेब्रास्का विद्यापीठाने बॉइड एप्ली या तरुणाला खेळाडूंची ताकद वाढवण्याच्या कामावर नेमले. त्या संघाचा उत्कर्ष झाला आणि पाहता पाहता विद्यापीठागणिक असे प्रशिक्षक आले. आज तिथल्या कॉलेजांच्या संघांत आघाडीच्या रांगेत १३६ किलोंचा, म्हणजे तीनशे पौंडांचा, तरुण दिसला तर कोणी वळूनही पाहत नाही. त्यांतल्या फार थोड्यांना पुढे व्यावसायिक संघात जागा मिळते. बाकीचे पदवी घेऊन घरी जातात आणि बरोबर ते वजनही नेतात. संघ दुसऱ्या वर्षी नव्या पोरांना वाढवू लागतो.

इथे एक गंमत लक्षात येते. आपला संघ जड झाला, की समोरच्यालाही जड व्हावे लागते. मग आपण आणखी जड होतो. कीर्तनात पुढचा माणूस नीट दिसावे म्हणून उभा राहिला, की मागचाही उभा राहतो. शेवटी सगळी सभा उभी असते, कोणालाच अधिक दिसत नाही, आणि पाय मात्र सर्वांचे दुखतात. ज्या खेळाने वजनाला सीमा घातलेली नाही, त्याच्या आखाड्यात असेच चालते. कुस्तीने म्हणूनच गट पाडले. कबड्डीने पुरुषांना ८५ किलोंची मर्यादा घातली. वजनगट ही मला माणसाच्या न्यायबुद्धीची एक सुंदर निर्मिती वाटते. बळ दाखव, पण बरोबरीच्या माणसाला दाखव, असे ती सांगते. तिच्यातही क्रौर्य नाही असे नव्हे. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट अंतिम कुस्तीच्या सकाळी १०० ग्रॅमांनी जड भरली आणि बाद झाली. त्यासाठी आदल्या रात्री त्या देहाने काय सोसले असेल, ते आठवले की अंगावर काटा येतो. पण काटा चढत असो वा उतरत असो, देह कोणाच्या तरी आकड्यासाठी राबतो आहे, हे सूत्र दोन्हीकडे एकच.

यावर कोणी म्हणेल, देह झिजवण्यासाठीच असतो. गवंड्याची पाठ, भात लावणारीची कंबर, तबलजीची बोटे. प्रत्येक विद्येने आणि प्रत्येक पोटाने देहाकडून काही घेतलेच आहे. मग खेळानेच घेतले तर बिघडले कोठे? हे म्हणणे मला मान्य आहे. आमच्यासारख्या पुस्तकी घरांनी देहाकडे फार काळ तुच्छतेने पाहिले. मैदानावर घाम गाळणाऱ्या पोराला "अभ्यास कर" याखेरीज काही सांगितले नाही. ओंकारच्या गुडघ्याच्या निमित्ताने मी व्यायामाची निंदा करू लागलो, तर ती जुनी खोड पुन्हा डोके वर काढते आहे, असेच समजावे. देह द्यावा. प्रश्न एवढाच, की घेणारा त्याच्या बदल्यात काय गहाण ठेवतो?

खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सर्वांत हलक्या, ५२ किलोंच्या, गटात लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ते ५७ किलोंच्या गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. ५२ च्या गटातून ५७ च्या गटात जायला चार वर्षे, हा हिशेब घाईच्या माणसांनी भिंतीवर लिहून ठेवावा. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. हेलसिंकीच्या प्रवासाला पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या ज्या राजाराम महाविद्यालयात खाशाबा शिकले, तिथल्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. विद्यार्थ्याने देह पणाला लावला होता. गुरुजींनी डोक्यावरचे छप्पर लावले. हा सौदा बरोबरीचा होता. तोही एक प्रकारचा वजनगटच म्हणायचा.

ज्याने कोणाचे काही वाढवायला सांगितले, त्याच्यावर त्या वाढीचे ऋण राहते. दुसऱ्याच्या कामासाठी अंगावर चढवलेले वजन उसने असते. जिंकण्याचा आनंद संघ वाटून घेतो, कॉलेज चषक कपाटात ठेवते. ते उसने मात्र एकट्या पोराला, पुढची तीस-चाळीस वर्षे, गुडघ्यांनी आणि हृदयाने फेडावे लागते. कोणाकडून देहाची मागणी करायची असेल, तर ती मागणी संपल्यावर त्याला परत उतरवून देण्याची जबाबदारीही पत्करली पाहिजे. आणि ही गोष्ट प्रशिक्षकांपुरती नाही. लेकराला "भरला" म्हणून कौतुकाने आणखी एक लाडू वाढणारे आपण सारे त्यात येतो.

त्या दिवशी अंजनेरीच्या पायरीवर मी ओंकारला एवढे काही सांगितले नाही. अंजनीच्या डोंगरावर बसलो होतो, म्हणून तिच्या पोराची गोष्ट आठवली, ती सांगितली. हनुमंत समुद्रावरून लंकेला निघाला, तेव्हा सुरसा वाटेत तोंड पसरून उभी राहिली. तो मोठा झाला, तिने तोंड आणखी पसरले. तो आणखी मोठा झाला, तिनेही जबडा वाढवला. असे योजनांमागून योजने चालले. आणि एका क्षणी तो अंगठ्याएवढा झाला, तिच्या तोंडात शिरला आणि झटकन बाहेर पडून पुढे निघाला. आपल्या पूर्वजांनी सिद्धींच्या यादीत गरिमेच्या शेजारी लघिमा ठेवली, ती उगीच नव्हे. जड होता येणे ही अर्धी विद्या झाली. हवे तेव्हा हलके होता आले, तर ती पुरी.

ओंकार बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण आजोबा, सुरसा माझ्या जागी दुसऱ्याला घेईल ना!"

पोरगा माझ्याहून व्यवहारी होता. तसेच झाले. दिवाळीनंतर त्याने प्रशिक्षकांना जाऊन विचारले, "सर, मोसम संपल्यावर मी हे वजन कसं उतरवायचं, तेही मला लिहून द्याल का?" ते गृहस्थ भले आहेत, क्षणभर गडबडले, आणि हा प्रश्न यापूर्वी कोणी विचारला नव्हता, असे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. मग दोघांनी मिळून बेत आखला. डिसेंबरमध्ये ओंकार एकोणऐंशी किलोंचा होता. पहिल्या सामन्यात त्याच्या जागी सत्त्याऐंशी किलोंचा दुसरा पोरगा खेळला आणि हा कडेला बसून राहिला. घरी आला तेव्हा जेवला नाही. मला अपराध्यासारखे झाले. पुढच्या सामन्यात त्याला दुसऱ्या अर्धात घेतले. आमचा संघ हरला, पण पोरगा धक्क्याने पडला नाही, एवढे खरे.

यंदा भाऊबीज झाली, की पुन्हा अंजनेरीला जायचे ठरले आहे. त्याचे वजन आज किती, ते मी विचारलेले नाही. वजनकाटा माळ्यावर गेला आहे, तो त्यानेच ठेवला. लाडू मात्र डब्यात आहेत. आणि परवा वाटीत एक घेऊन, कसलाही हिशेब न करता, तो ओसरीवर बसून खाताना मी त्याला पाहिला.