शब्द तोच, अर्थ कुणाचा?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



आपण हुबळी-धारवाडची माणसं. घरात मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी आणि मुलांच्या दप्तरात इंग्रजी. इतक्या भाषांत दिवस काढताना आपल्याला काही अवघड वाटत नाही. पण एकच शब्द प्रत्येक घरी वेगळा अर्थ घेऊन राहतो, हे मात्र आपण विसरतो. कुटुंबाच्या ग्रुपवर रुसवेफुगवे होतात, तेव्हा पुष्कळदा भांडण विचारांचं नसतं, शब्दाचं असतं. म्हणून आजचं चिंतन शब्दाच्या अर्थावर.

'प्रपंच' हाच शब्द घ्या. आपण मराठीत म्हणतो, प्रपंच सांभाळून परमार्थ करावा. म्हणजे घरदार, मुलंबाळं, पोटापाण्याचा उद्योग. कन्नडमध्ये प्रपंच म्हणजे सगळं जग. हिंदीत पुष्कळदा त्याचा अर्थ लबाडी, भानगड असा होतो. 'शिक्षा' मराठीत ऐकली की छडी आठवते, आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! यात चूक कुणाचीच नाही. एकाच संस्कृत माहेरच्या या लेकी, ज्या त्या सासरी रुळल्या.

पण गंमत तिथेच थांबत नाही. एका उत्सवाच्या बैठकीत सांगलीहून आलेले एक गृहस्थ सहज म्हणाले, "अन्नदानाला मागच्या वेळेपेक्षा जास्त खर्च झाला असावा, असं माझं अनुमान आहे." हिशेब लिहिणारे आपले बंधू कन्नड घरातले. त्यांचा चेहरा एकदम उतरला. वही खाली ठेवून ते बाहेर निघून गेले. कन्नडमध्ये 'अनुमान' म्हणजे संशय! इतकी वर्षं निरपेक्ष सेवा केली आणि भर बैठकीत आपल्यावर संशय घेतला, असं त्यांना वाटलं. दोन दिवस बोलणं बंद. शेवटी दोन्ही भाषा जाणणाऱ्या एका आजींनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि एवढंच विचारलं, "भाऊ, तुम्ही अनुमान म्हणालात, ते काय मनात धरून म्हणालात?" "अहो, अंदाज हो, दुसरं काय!" झालं. गाठ सुटली. हिशेब आधीही चोख होता, मनंही चोख होती. तो प्रश्न तेवढा दोन दिवस कुणी विचारला नव्हता.

हे झालं भाषेच्या शिवेवरचं. काळाच्या ओघातही शब्द असेच पालटतात. आपल्याच कर्नाटकात, रायचूर जिल्ह्यात मस्की गाव आहे. तिथल्या शिलालेखात 1915 साली 'देवानांप्रिय' या उपाधीबरोबर अशोक हे नाव वाचायला मिळालं. देवानांप्रिय म्हणजे देवांना प्रिय असलेला. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सम्राटाने अभिमानाने मिरवलेली ही उपाधी. पुढे संस्कृत व्याकरणाच्या ग्रंथांत याच शब्दाचा अर्थ काय नोंदला गेला? मूर्ख! शिळेवरचं अक्षर हललं नाही. लोकांच्या तोंडचा वापर बदलला आणि मानाच्या शब्दाचा टोमणा झाला.

'पाखंड' या शब्दाचंही तेच. आज पाखंडी म्हटलं की ढोंगी माणूस समोर येतो. अशोकाच्या लेखांत मात्र 'पासंड' म्हणजे साधा पंथ, संप्रदाय. त्यात निंदा नाही. आपल्यापैकी कितीतरी घरं कलबुर्गी जिल्ह्यात भीमेकाठी सन्नतीला चंद्रलांबा देवीच्या दर्शनाला जातात. त्याच देवस्थानाच्या आवारात 1986 साली काली मंदिराचं छत कोसळलं आणि खालून अशोकाचे लेख कोरलेली शिळा मिळाली. देवीच्या मूर्तीच्या बैठकीला ती वापरलेली होती. त्या शिळेवर त्याच्या बाराव्या लेखाचा भाग आहे. त्या लेखाचं सांगणं थोडक्यात असं: सगळ्या पंथांचं सार वाढावं. त्याचं मूळ वाणीच्या संयमात आहे. कारण नसताना आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये, आणि कारण असलं तरी सौम्य बोलावं. या संयमाला तिथे शब्द आहे 'वचगुती', म्हणजे वाणीची राखण. ज्या लेखात वाणी राखायला सांगितलं, त्यातल्याच 'पासंड' शब्दाची पुढे शिवी झाली. वाणी राखली नाही की शब्दाचं असं होतं.

आता आपल्या डोळ्यांदेखत काय चाललं आहे ते पाहा. 'भक्त' हा आपला शब्द. प्रल्हाद भक्त, पुंडलिक भक्त. आज राजकारणाच्या वादात कुणाला गप्प करायचं असेल तर त्याला 'भक्त' म्हणून हिणवतात. दुसरी बाजूही मागे नाही. 'पुरोगामी' म्हणजे पुढे जाणारा, चांगला शब्द, तोही टोमणा म्हणून फेकला जातो. मग सकाळी देवघरात ज्या तोंडाने 'मी तुझा भक्त' म्हणायचं, त्याच तोंडाने दुपारी ग्रुपवर सख्ख्या भावाला 'भक्त' म्हणून चिडवायचं! भाऊ ग्रुप सोडून जातो, दिवाळीला घरी येत नाही. एका शब्दाने एवढं होतं.

आणि एक पळवाट आपण सगळेच ओळखतो. टोमणा मारायचा आणि कुणी विचारलं की म्हणायचं, "भक्त तर चांगला शब्द आहे, राग कसला?" बंधूंनो, शब्दाचा मूळ अर्थ कोशात शोधावा, पण त्याच्या आड लपू नये. आपण काय मनात धरून बोललो, ते सद्गुरू जाणतात. आणि ऐकणाऱ्यालाही ते कळतंच.

याचा अर्थ मतभेद बोलूच नयेत असा नाही. जरूर बोलावं. पण "तू अमुक आहेस" असं न म्हणता "तुझं हे म्हणणं मला पटत नाही, कारण असं आहे" असं म्हणावं. पहिल्या वाक्यात माणसावर शिक्का बसतो. दुसऱ्यात मुद्दा पुढे येतो आणि त्याला उत्तरही देता येतं.

या आठवड्याचा संकल्प तीन गोष्टींचा:

1. एखादा शब्द लागला, तर उत्तर देण्याआधी विचारायचं, "तुम्हाला यातून काय म्हणायचं आहे?" जमलं तर लिहून नाही, फोन करून.

2. देवाधर्माचा कोणताही शब्द टोमणा म्हणून वापरायचा नाही, पुढेही पाठवायचा नाही.

3. रागात लिहिलेलं लगेच धाडायचं नाही. एक माळ जप करावा, मग पुन्हा वाचावं.

शब्दाचा अर्थ कोशात नंतर बदलतो, आधी तोंडात बदलतो. ती तोंडं तुमची-आमचीच आहेत. 'भक्त' म्हणजे भक्तच राहील की आणखी काही होईल, हे आपल्या घरातली मुलं आपल्या तोंडून काय ऐकतात त्यावर ठरेल.

ज्यांच्याशी शब्दावरून अबोला झाला असेल, त्यांना आज संध्याकाळच्या आरतीनंतर एक फोन अवश्य करा.

॥ श्री सद्गुरुचरणार्पणमस्तु ॥